झाडाचं आडनाव

१

लाल फोल्डर जागेवर होतं, आत झाड नव्हतं.

डांबरताईंनी ते उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं, जणू दुसऱ्या खेपेला त्यालाच लाज वाटेल आणि ते गिळलेलं परत देईल. मग त्यांनी कपाटाचा तो खण रिकामा केला, मग त्याच्या खालचा. शेवटी खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या भाचीचा नमुना गेला."

उत्तरेकडच्या खिडकीपाशी बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. टोक मोडलं.

वनस्पती संग्रहालयाचं ते लांबलचक दालन बाईंना घरापेक्षा जास्त ओळखीचं होतं. दोन वेण्या घालायच्या वयात त्या इथे झाडांची चित्रं काढायला आल्या. केस पिकले, निवृत्तीचा हारही सुकला, तरी खिडकीजवळचं टेबल त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नाही. इथली झाडं उभी नसत, आडवी असत. दाबून वाळवलेली, जाड कागदावर चिकटवलेली, लोखंडी कपाटांत कुळाकुळाने निजलेली. त्यांची गणती लाखांत होती. बहुतेकांच्या वाट्याला साधं करडं फोल्डर यायचं. लाल फोल्डर मानाचं. नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्याच्या जोरावर ठेवतात, तो नमुना लाल फोल्डरमध्ये राहतो. पुढे कधी वाद झाला तर जगातला कुठलाही अभ्यासक येऊन त्याच फांदीला विचारतो, 'बोल, तू कोण?'

आणि आज दुपारी तेच विचारायला पाहुणी येणार होती. त्या झाडाच्या कुळातला शेवटचा शब्द तिचा. भाचीने दूरच्या एका बेटावरून, समुद्रावर झुकलेल्या कड्यावरून ती फांदी आणली होती. तिच्या मते ती नवी जाती. चित्र बाईंनीच काढलं होतं. पाहुणीने मान हलवली की लेख छापायला जाणार.

पण मधेच भिंगाने मिठाचा खडा टाकला होता. भिंग म्हणजे भाचीचा वरिष्ठ सहकारी. गळ्यातलं भिंग तो आंघोळीलाही काढत नसावा, म्हणून त्याला सगळे त्याच नावाने ओळखत. गेल्या बैठकीत तो भाचीकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाला होता, "फूल एका झाडाचं, पान दुसऱ्याचं. ताईंनी कागदावर लग्न लावून दिलंय. पाहुणी फूल कोमट पाण्यात भिजवून बघेल, तेव्हा दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल."

आता भिजवायला फूलच नव्हतं. ते नसण्यात फायदा कोणाचा, हे सांगायला कोणा शहाण्याची गरज नव्हती.

संचालकांचा निरोप वरून लगेच आला. पाहुणी येईपर्यंत नमुना सापडला तर ठीक, नाही तर लेख मागे घ्यायचा आणि भाचीची चौकशी लावायची. बाई या जगाला ओळखून होत्या. इथे एकदा खोटं फूल चिकटवल्याचा ठपका बसला की माणसाने आधी आणलेली खरी पानंही कोणी खरी मानत नाही. कुठल्याच संग्रहालयाचं दार मग उघडत नाही. चोराला निदान शिक्षा भोगून सुटता येतं.

"डांबरताई," बाई उठत म्हणाल्या, "काल संध्याकाळी दालनात कोण कोण होतं?"

"मी, तुमची भाची, भिंग आणि जुने सर. किल्ली माझ्या खणात, खण उघडा. हे तर झाडांनासुद्धा माहीत आहे." त्यांनी डोळे पुसले. "आणि तुम्ही होतात की."

२

भाची मागच्या खोलीत, टिपकागद वाळत घातले होते तिथे उभी होती. रडत नव्हती. ते बाईंना जास्त टोचलं. ही बहिणीची पोर लहानपणी गुडघा फुटला की आधी रडायची आणि मग पडल्याचं सांगायची.

"कोणी नेलं असेल, मावशी?"

"ते नंतर. आधी मला एक सांग. फूल फांदीवर होतं, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

भाचीने मान वळवली. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे तू शीट आणलीस तेव्हा फुलं सुटी होती. कोपऱ्यात चिकटवलेल्या कागदाच्या पुडीत. मी ती चित्रात फांदीवर बसवली, कारण तू सांगितलंस. आपल्यात तशीच रीत आहे. पण जोडलेलं फूल मी पाहिलं नाही."

"मावशी, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. बाहेरच्यांनी विचारण्याआधी घरच्यांनी विचारलेलं बरं."

भाची थोडा वेळ टिपकागदाची कड मोडत राहिली. मग बोलली, पण मावशीशी नाही, भिंतीशी. "होडीवाला खालून ओरडत होता. वारा असा की टोपी उडाली. झाड कड्याच्या पोटात, हात पोचेना. एक फांदी वाऱ्याने मोडून लोंबत होती, तेवढीच ओढली. फुलं होती तिच्यावर. दाबायला ठेवताना गळली, म्हणून पुडी केली. शेंड्याच्या पानाखाली एक कळी राहिली होती, चिकटलेली. तू चित्र काढलंस, तुला नाही दिसली?"

बाईंना आठवेना. एवढ्या वर्षांत हजारो पानं डोळ्यांखालून गेली, त्यांतल्या एका पानाखालची कळी! पान आठवत होतं. पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटतात त्या बेचक्यांत बारीक केसाळ खळग्या होत्या, मुंगीने बिछाना घालावा तशा. त्या काढताना हात आपोआप चालला होता, जिना उतरताना पाय चालतात तसा. त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं, की वय झालं तरी हाताची सवय गेली नाही. पण कळी?

"फोटो आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत. पण भिंग म्हणतो, फोटोत वऱ्हाडसुद्धा एका घरचं दिसतं."

बाई दारापर्यंत गेल्या. मागून भाची म्हणाली, "तुला खरंच वाटतं मी लपवली?"

"मला काय वाटतं याला आज किंमत नाही," बाई म्हणाल्या. मागे वळून बघितलं असतं, तर 'नाही' म्हणावं लागलं असतं. आणि छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणता येत नव्हतं.

३

भिंग त्याच्या टेबलाशी एक वाळकं गवत उलटंपालटं करत होता. बाईंना पाहून त्याने खुर्ची पुसली. आदर होता, पण जीभही होती.

"या बाई. झडती घ्यायला आलात? खिसे उलटे करू?"

"खिशात मावणारी वस्तू नाही ती. ताव आहे चांगला मोठा. दुमडला तर फांदी मोडेल."

"आणि दारावरचा पहारेकरी जाताना छत्रीसुद्धा उघडून बघतो. मागे कोणी पाव्हणा कोटाच्या अस्तरात दुर्मिळ ऑर्किड घालून घेऊन गेला, तेव्हापासून." त्याने गवत खाली ठेवलं. "म्हणजे शीट इमारतीतच आहे. किंवा तुकडे होऊन मोरीत."

"तू केले असतेस तुकडे?"

"बाई!" तो खरंच दुखावला. "शिव्या द्या, पण हे नको. अहो, माझ्या वैऱ्याने चिकटवलेलं पान असलं तरी मी त्यावर कप ठेवत नाही."

बाईंनी डोळे बारीक केले. "बेटावर जायला तूही अर्ज केला होतास. तुला सोडून तिला पाठवलं."

"केला होता. झोंबलंही. लपवत नाही." तो पुढे झुकला. "पण डोकं चालवा. माझं म्हणणं खरं ठरायला मला काय हवं होतं? शीट. पाहुणीसमोर, भिंगाखाली. आता ती नाही, तर मी फक्त जळकुटा ठरलो. ती गेल्याने माझा तोटाच आहे. फायदा कोणाचा, ते मी तुमच्या तोंडावर बोलणार नाही."

बोलून झालंच होतं. बाई उठल्या, मग सहज आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "एक विचारू? ती शीट तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, जा, हिच्या घरी ठेवून ये. तर कुठल्या कपाटात ठेवशील?"

"पानावरून? कॉफीच्या कुळात. तिथलंच एखादं मामुली झुडूप आहे. फुलाचा आणि त्याचा संबंध नाही."

बाई कॉफीच्या कुळापाशी गेल्या. भिंगाने सांगितलेले खण त्यांनी एकेक करून काढले. फोल्डर, फोल्डर, धूळ, फोल्डर. भाचीची फांदी नव्हती.

४

डांबरताई संग्रहपाल होत्या. कीड हा त्यांचा जन्माचा शत्रू, आणि अंगाला डांबरगोळ्यांचा वास कायमचा. त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती म्हणे, की लग्नाच्या शालूशेजारी झोपल्यासारखं वाटतं.

"काल तुम्हाला दालनात भुंगा दिसला होता," बाई म्हणाल्या.

डांबरताईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. काल. ओरडून."

"हो, मग मी टेबलावरच्या सगळ्या शीटा थंड्या पेटीत टाकल्या. कीड मरायला. पण लाल फोल्डर मी झाडतानासुद्धा उघडत नाही, बाई. ज्याने नाव ठेवलं त्याला विचारल्याशिवाय लाल फोल्डरला हात लावायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय."

तरी दोघींनी मिळून थंडी पेटी उपसली. बोटं बधिर झाली. नेचे निघाले, शेवाळं निघालं, कोणीतरी लपवून ठेवलेला चॉकलेटचा तुकडा निघाला. फांदी नव्हती.

"तुम्ही ती शीट कुठे ठेवली असती?"

"मी कोण मत देणारी? कुळाच्या शेवटी 'अनिश्चित' म्हणून गठ्ठा असतो, त्यात."

तो गठ्ठाही पाहिला. नव्हती.

"कोणी फाडली तर नसेल?" बाईंनी हळूच विचारलं.

डांबरताई ताठ झाल्या. "पूर आला होता ते वर्ष आठवा. माझ्या घरात पाणी शिरलं होतं आणि मी इथे खालच्या खणातल्या शीटा डोक्यावरून वर नेत होते. भिंग नेत होता, सर नेत होते, तुम्ही नेत होतात. यातला कोण फाडेल, सांगा? या इमारतीत माणसं एकमेकांचे गळे कापतील, पान कापणार नाहीत."

ते खरं होतं. आणि म्हणूनच जास्त भीतीचं होतं. फाडली नाही, बाहेर गेली नाही, म्हणजे लाखो शीटांत कुठेतरी सरकवलेली होती. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेली शीट शोधायला एक जन्म पुरत नाही.

बाई सरांच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे वळल्या. सर म्हणजे संग्रहालयाचे जुने प्रमुख. तेही निवृत्त, तेही रोज येणारे. भिंतीवरच्या फळीवर पानं दाबून वाळवायची एक लाकडी दाबचौकट होती, पट्टे कुजलेले, पण लाकूड तेल लावून चमकवलेलं. गुरुजींची. बाई आणि सर दोघंही त्यांच्या हाताखाली शिकले होते. गुरुजी आयुष्यभर रानोमाळ हिंडले, इतरांची झाडं ओळखून दिली, आणि स्वतःच्या नावाचं एक झुडूपही न पाहता गेले. त्यानंतर काही वर्षांनी सरांना डोंगरातल्या घनदाट रानात ते झाड सापडलं. फूल मिळालं नाही, नुसती फळं. पण फळ असं विचित्र, की पिकल्यावर वरचा भाग टोपीसारखा उडून जायचा. सरांनी त्याच्यासाठी नवी प्रजातीच, म्हणजे झाडाचं आडनावच, उभी केली आणि तिला गुरुजींचं नाव दिलं. त्या प्रजातीत तेवढी एकच जाती. तिला नाव दिलं बाईंचं, कारण चित्र त्यांनी काढलं होतं. बाईंच्या आईला बरेच दिवस आशा होती. शेवटी ती म्हणाली होती, "झाडाला नाव देणारा माणूस दाराला पाटी देईलच असं नाही."

"बसा," सर म्हणाले. "मला कळलं. फार वाईट झालं. मुलगी खोटं करणारी नाही, हे मी संचालकांना लिहून देईन."

बाई खुर्चीवर बसल्या. सकाळपासून हे वाक्य कोणी बोललं नव्हतं, त्यांनी स्वतःदेखील नाही.

"तुम्ही ती शीट कुठल्या कपाटात ठेवली असतीत, सर?"

"जिथे तिने ठेवली तिथेच. त्या मोठ्या प्रजातीत, पाचशे भावंडांत एक. फुलाने तसंच सांगितलंय. ते किनाऱ्याचं झाड, माझं डोंगराचं, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. भिंग काय वाटेल ते बोलतो. चहा घेणार?"

बाईंनी चहा घेतला नाही. मोठ्या प्रजातीचे खण भाचीने सकाळीच खाली-वर केले होते. सगळी दारं बंद झाली होती आणि घड्याळ पुढे सरकत होतं. संशयाला उरली होती ती एकच, रिकामे हात घेऊन मागच्या खोलीत उभी असलेली.

५

बाई आपल्या टेबलाशी बसल्या. निदान त्या कळीचं तरी नक्की करावं. डोळे विसरले असतील, पण हाताला विचारून पाहावं. हात कधीकधी जास्त प्रामाणिक असतो.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचार न करता फांदी काढायला घेतली. देठ. समोरासमोरची पानं. पाठ वळवलेलं एक पान, शिरा, बेचक्यांतल्या केसाळ खळग्या. पेन्सिल भराभर चालली. शेंडा आला. आता कळी असेल तर येईल.

हाताने कळी काढली नाही. हाताने एक गोल काढला, गोलाभोवती एक वळी, आणि वर बाजूला कलंडलेली छोटी टोपी.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

हे फळ भाचीच्या फांदीवर नव्हतंच. ते फळ त्यांनी काढलं होतं तेव्हा त्यांना चष्मा नव्हता, आई होती, आणि सर खुर्चीमागे उभे राहून म्हणत होते, "खळग्या नीट काढा हं, या झाडाची खूण तीच." भाचीच्या पानावर हात आपोआप चालला होता, तो सवयीने नाही. हाताने ते पान आधी एकदा काढलं होतं!

एक झाड डोंगरात सापडलं, फळांसह, फुलाशिवाय. दुसरं बेटावर सापडलं, फुलासह, फळाशिवाय. एक गेलं एका कपाटात, दुसरं दुसऱ्या. शेजारी शेजारी कोणी ठेवलंच नाही, तर ओळखणार कोण? पण पाहुणी त्या कुळातली जाणती. ती खळग्या बघेल, थबकेल आणि म्हणेल, 'हे पान मी कुठेतरी पाहिलंय.' मग ती डोंगरातल्या झाडाचं लाल फोल्डर मागेल.

आणि तेव्हाच त्यांना सरांचं बोलणं आठवलं. ते किनाऱ्याचं, माझं डोंगराचं. बाईंनी तर सरांच्या झाडाचं नावही काढलं नव्हतं.

सकाळपासून त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट विचारली होती, ती याचसाठी. या लोकांना झाड हातात दिलं की ते त्याच्या घरीच नेतात. भिंगाने कॉफीच्या कुळात नेलं असतं, डांबरताईंनी अनिश्चितात. मनातून जे खरं वाटतं, तिथेच हात जातो. तोंड खोटं बोलू शकतं. मग ज्याने खरंच नेलं, त्याचा हात कुठे गेला असेल?

बाई उठल्या. गुडघे वाजले.

६

सरांच्या प्रजातीचं कपाट दालनाच्या टोकाला, सावलीत होतं. एका प्रजातीला एकच खण, एका जातीला एकच लाल फोल्डर. कोणी न विचारता उघडू नये असं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते न विचारता उघडलं.

वर जुनी शीट होती, तपकिरी पडलेली, टोपीची फळं असलेली. खाली दुसरी. नवी, हिरवटपणा अजून न गेलेली, कोपऱ्यात पुडी. बाईंनी चष्मा वर ढकलून शेंड्याच्या पानाखाली पाहिलं. पानाच्या बगलेत, देठाला घट्ट चिकटलेली, तांदळाएवढी कळी.

त्या कपाटाला टेकल्या. 'पोरी, पोरी,' एवढंच त्यांच्या मनात आलं.

"तुम्हीच उघडाल असं वाटलं होतं," मागून आवाज आला.

सर उभे होते. हातात नेहमीची काठी नव्हती, म्हणून शेजारच्या कपाटाला धरून.

"का, सर?"

"का, ते तुम्हाला माहीत आहे." ते जवळ आले आणि दोन्ही शीटांकडे बघत राहिले, कौतुकाने बघावं तसे. "त्या फुलासाठी मी त्या डोंगरात किती उन्हाळे काढले. मुलीने ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं, आणि बघताक्षणी कळलं. माझी प्रजाती नव्हेच ती. साधी त्या मोठ्या प्रजातीतली. फळाने मला फसवलं. आता दोन्ही एक झाली की गुरुजींचं नाव पुसलं जाणार. मी चुकलो त्याचं मला काही नाही. पण त्या माणसाचं जगात तेवढंच होतं."

"मग फाडून का नाही टाकली?"

त्यांनी असं पाहिलं, की बाईंना विचारल्याची लाज वाटली.

"बरं, दुसऱ्या एखाद्या कुळात खुपसायची. कोणाच्या बापाला सापडली नसती."

"गेलो होतो," सर म्हणाले. "गवतांपर्यंत गेलो. फोल्डर उघडलं. हात वळेना, बाई. गवतांत हे झाड ठेवायचं? उद्या कोणी शोधत आलं तर? शेवटी जिथलं होतं तिथे ठेवलं. मला वाटलं, मी असेपर्यंत इथे कोण बघतंय. मी गेल्यावर काढतील, लावतील नीट."

"आणि माझी भाची?"

"ती तरुण आहे. तिला आणखी झाडं मिळतील."

"खोटारडीला कोण झाडाजवळ जाऊ देतं?" बाईंचा आवाज चढला. दालनात तो कधीच चढला नव्हता. "तुम्ही तिच्या बाजूने लिहून देणार होतात, सर. वा! गुरुजींचं नाव राहावं म्हणून एका पोरीचं नाव घालवायचं, आणि वरून प्रमाणपत्र द्यायचं. गुरुजी असते तर काय म्हणाले असते?"

सर दोन्ही शीटांकडे वळले.

"ते म्हणाले असते, शेजारी शेजारी ठेव आणि बघ." त्यांनी हात पुढे केला. "द्या. मी नेतो."

बाईंनी फोल्डर छातीशी धरलं. क्षणभर त्यांना भरवसा वाटेना. या हातांनी ते एकदा नेलं होतं. मग त्यांनी दिलं, पण शेजारी शेजारी चालत गेल्या, एक पाऊलही मागे न राहता.

७

पाहुणी उंच, अबोल आणि वेळेच्या आधी आलेली होती. मोठ्या टेबलाभोवती सगळे उभे होते. भाचीच्या समोर रिकामं लाल फोल्डर होतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात सर आत आले.

"नमुना माझ्याकडे होता," ते म्हणाले. "मी घेतला. न विचारता, आणि लपवण्यासाठी. याबद्दल मला जे विचारायचं ते नंतर विचारा. आधी हे बघा." त्यांनी दोन्ही शीटा शेजारी शेजारी ठेवल्या.

डांबरताईंनी तोंडावर हात ठेवला. भाची सरांकडे नाही, मावशीकडे बघत होती.

पाहुणीने आधी खळग्या बघितल्या. थबकली. मग पुडीतलं एक फूल आणि पानाखालची कळी वेगवेगळ्या बशांत कोमट पाण्यात सोडली. वाळलेली फुलं भिजून उमलायला वेळ घेतात. मग तिने भिंगाला जवळ बोलावलं, आणि त्याने स्वतःचं भिंग डोळ्याला लावलं.

"कळी फांदीचीच आहे," तो शेवटी म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "आणि आतून फूल तेच. लग्न खरं आहे, ताई. मी अक्षता टाकायला हव्या होत्या."

"दगड टाकले होतेस," डांबरताई म्हणाल्या, आणि कोणीतरी हसलं, तेव्हा खोलीत पुन्हा हवा आली.

पाहुणीने निकाल थोडक्यात सांगितला. दोन्ही एकच झाड. नवी जाती नाही. पण डोंगरातल्या रानाबाहेरही ते वाढतं हे कोणालाच माहीत नव्हतं. बेटावरची ही पहिली नोंद, आणि जगाने पाहिलेलं पहिलं फूल. ते भाचीच्या नावावर छापलं जाईल. सरांची प्रजाती रद्द. झाड मोठ्या प्रजातीत जाईल.

भाचीची नवी जाती गेली होती. बाईंनी तिच्या चेहऱ्यावर ते शोधलं. तिने फक्त एकदा नाक ओढलं, लहानपणी गुडघा फुटल्यावर ओढायची तसं. मग ती मावशीजवळ आली.

"सापडायच्या आधी तुला वाटत होतं ना, की मीच?"

"अर्धं," बाई म्हणाल्या.

"अर्धं चालेल," भाची म्हणाली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. पण नेहमीसारखा घट्ट नाही.

सर सगळ्यांत शेवटी निघाले. संचालक वर त्यांची वाट बघत होते. दारात ते थांबले.

"मुलीला सांगा, नवं नाव नीट लिही म्हणावं. प्रजाती बदलली तरी जातीचं जुनं नाव तसंच ठेवायचं असतं. नियमच आहे. गुरुजी गेले. तुम्ही राहिलात."

बाई दारापाशी गेल्या. ते जिना चढेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

मग भाचीने टाक उचलला आणि शीटेच्या कोपऱ्यात लावायच्या छोट्या चिठ्ठीवर लिहायला घेतलं. आधी मोठ्या प्रजातीचं नाव, पाचशे भावंडांचं, अगदी घरगुती. त्याच्यापुढे, जरा थांबून, मावशीचं. बाई चष्मा लावून वाचत राहिल्या. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी आडनाव बदललं नव्हतं. ते शेवटी झाडाने बदललं.